विस्मृतीतील भगीरथ

आवडत्या लेखकाचे सारे लेखन आपण वाचलेले आहे, हा समज वाचकाला सुखावह वाटतो. पण बहुधा तो भ्रमच असतो. गो. नी. दांडेकर यांच्याविषयी भोर-वेल्हे परिसरातील वाचकांचे असेच झाले आहे. राजगड आणि तोरणा ज्यांच्या दारात उभे आहेत, त्यांना या दुर्गप्रेमी लेखकाविषयी घरच्या माणसाइतकी आपुलकी वाटावी, हे साहजिकच होय. ‘शितू’, ‘पडघवली’, ‘माचीवरला बुधा’ ही नावे येथे सहज ओठांवर येतात. परंतु याच लेखकाची ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी वाचली आहे काय, असे विचारले तर उत्तर बहुधा नकारार्थीच मिळते. दांडेकरांचा निष्ठावंत वाचक म्हणविणाऱ्या प्रस्तुत लेखकाचीही गत याहून वेगळी नव्हती. अलीकडे एका वाचनालयात, रद्दीत काढण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पुस्तकांत ती हाती लागली, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला.

सतलज नदीवरील भाक्रा-नांगल धरणाची उभारणी हा या कादंबरीचा विषय. १९६३ साली राष्ट्राला अर्पण झालेले, सुमारे २२६ मीटर उंचीचे हे धरण म्हणजे स्वतंत्र भारताच्या आकांक्षेचे प्रतीक होते. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिलेला, नर्मदेची परिक्रमा केलेला, गडकोटांत रमणारा लेखक अशा विषयाकडे वळला, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. वास्तविक त्यात विसंगती नाही. गडाच्या तटातील चिऱ्यामागे राबणारा हात ज्याला दिसला, त्याला धरणाच्या भिंतीमागचा हातही दिसणारच. पण आपण लेखकाची एक प्रतिमा ठरवून टाकतो आणि तीत न बसणारे पुस्तक मुकाट्याने बाजूला सारतो. या कादंबरीच्या उपेक्षेचे हेच मुख्य कारण असावे.

ही उपेक्षा भोर-वेल्ह्यात विशेष खटकते. कारण हे तालुके जितके गडांचे, तितकेच धरणांचेही आहेत. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२७-२८च्या सुमारास पुरे झाले. संस्थानी भोरची जमीन पाण्याखाली गेली आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडील शेती फुलली. वेल्ह्यातील पानशेत आणि वरसगाव या धरणांचे पाणी पुणे शहर पिते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याची झालेली हानी आपल्या स्मरणात आहे; पण त्या जलाशयासाठी ज्यांनी गाव सोडले, त्यांचे स्मरण कितीजण ठेवतात? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. भाटघर आणि पानशेत ही दोन्ही धरणे त्यापूर्वीची, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मग धरणाच्या उभारणीची ही गाथा येथील वाचकाने का वाचावी? अर्थशास्त्राच्या पुस्तकात लाभ आणि खर्च यांचे कोष्टक असते. ज्या भावनेपोटी एका पिढीने तो खर्च मान्य केला, ती भावना कोष्टकात सापडत नाही. ती साहित्यात सापडते. स्वातंत्र्यानंतरच्या त्या उमेदीला आज कोणी भाबडी म्हणेल. पण ती समजून न घेता तिचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. तसेच, भाक्रा धरणाच्या जलाशयात जुने बिलासपूर नगर बुडाले, हा प्रश्न मनात ठेवूनच आजच्या वाचकाने ही कादंबरी हाती घ्यावी. भगीरथाचे पुत्र कोण? गंगा आणणारे अभियंते आणि मजूर तर खरेच. पण तिला वाट करून देण्यासाठी आपले घर सोडणारे त्यात मोजावयाचे की नाही? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वेल्ह्याच्या वाचकाइतका दुसऱ्या कोणाला आहे?

ग्रंथपालांचे म्हणणे असे की, पुस्तकाला मागणी नाही. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटणार नाही. जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याला मागणी येणार कोठून? ग्रंथांच्या बाबतीत पुरवठाच पुष्कळदा मागणी निर्माण करतो. तालुक्याच्या वाचनालयांनी कित्येक वर्षे न हललेली पुस्तके रद्दीत काढण्यापूर्वी महिनाभर दर्शनी टेबलावर मांडावीत. मराठी आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून अशा एखाद्या कादंबरीवर चर्चा घडवावी. यासाठी अनुदान लागत नाही; इच्छा मात्र लागते.

वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. गडाचा अभिमान योग्यच आहे. पण उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि पाण्याखालच्या इतिहासाची आठवण करून देते. त्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी देऊ शकणारे पुस्तक आपल्याच कपाटात धूळ खात पडावे, हे आपल्या वाचनप्रेमाला शोभणारे नाही.