ताळा करणाऱ्यांनाही श्रेय द्या

जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या एका छोट्या संशोधक गटाने जाहीर केले, की शिसे, तांबे आणि फॉस्फरस वापरून बनवलेला ‘एलके-९९’ हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला आणि तब्बल १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहक राहतो. म्हणजे त्यातून वीज जराही अडथळा न होता वाहते. आज एमआरआय यंत्रातल्या अतिसंवाहक चुंबकाला सहसा द्रव हेलियमने गार ठेवावे लागते. दावा खरा असता तर हा सारा खटाटोप संपला असता. चुंबकावर एका बाजूने उचलल्या गेलेल्या काळपट खड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जे घडले, ते मात्र आपण विसरूनही गेलो. माझ्या मते त्या वर्षातले सर्वांत देखणे विज्ञान तिथेच झाले.

कोरियन गटाने कृती लपवली नव्हती, हे त्यांचे मोठेपण. लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेटची पूड ७२५ अंशांवर २४ तास तापवायची. तांबे आणि फॉस्फरसची पूड ५५० अंशांवर ४८ तास. मग दोन्ही एकत्र खलून, हवा काढून बंद केलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीत ९२५ अंशांवर पाच ते वीस तास. बरी भट्टी असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेला जमेल असे हे काम. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने ते लगोलग करून पाहिले. त्यांचा नमुना चुंबकावर तरंगला नाही; अतिसंवाहकतेचे लक्षणही दिसले नाही.

‘आम्हाला जमले नाही’ एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर शंका उरलीच असती. पण कोरियन गटाच्या नमुन्याचा विद्युतरोध अचानक कोसळतो ते तापमान, सुमारे १०४ अंश, इलिनॉय विद्यापीठातल्या प्रशांत जैन या रसायनशास्त्रज्ञाला ओळखीचे वाटले. त्या कृतीत सल्फेटमधला गंधक मोकळा होतो, तांब्याशी जुळतो आणि कॉपर सल्फाइडची भेसळ तयार होते. तिचे रूप नेमके त्याच तापमानाच्या आसपास बदलते. बीजिंगच्या संशोधकांनी नुसते कॉपर सल्फाइड मोजले, तर त्याचाही रोध तसाच कोसळला. शेवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाला वाटेतून वगळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट आणि पारदर्शक निघाले, रोध लक्षावधी ओहम. अतिसंवाहक राहिला बाजूला, हा तर पक्का विद्युतरोधक! ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रश्न जवळपास निकालात निघाला होता.

या साऱ्यांनी दुसऱ्याचाच प्रयोग पुन्हा केला, आणि मूळ गटाच्याही ध्यानात न आलेले कारण शोधून काढले. याला संशोधन नाही म्हणायचे, तर कशाला म्हणायचे?

आता याची दुसरी बाजू. कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या शोधनिबंधांतले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प अमेरिकेत हाती घेतला गेला. २०२१मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा जेमतेम ५० प्रयोग पार पडले होते. १९३पैकी एकाही प्रयोगाची कृती मूळ निबंधात पुरेशा तपशिलाने दिलेली नव्हती! लेखकांना पत्रे लिहावी लागली. काहींनी मनापासून मदत केली, काहींनी उत्तरच दिले नाही. अशा निबंधांच्या पायावर पुढे औषधे उभी राहतात, रुग्णांवर चाचण्या होतात. म्हणून मला याची चीड येते.

प्रयोग पुन्हा जमला नाही म्हणजे मूळ संशोधक लबाड, असे मुळीच नाही. नमुना लहान असतो, रसायनाची बाटली वेगळी असते, एखादी सवयीची गोष्ट लिहायची राहून जाते. पण हे कळायला कोणाला तरी तो प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि ते करणाऱ्याच्या पदरात आपली व्यवस्था फारसे काही टाकत नाही. पीएचडीला ‘मौलिक’ विषय हवा, नियतकालिकाला ‘नवा’ निष्कर्ष हवा, निवड समितीलाही तेच. तरुण संशोधकाने चार महिने दुसऱ्याचा ताळा करण्यात घालवावेत तरी कशाच्या भरवशावर?

हे बदलण्याची सुरुवात आपल्या विद्यापीठांना आजही करता येईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तिथे घाईघाईने ‘नवीन’ काहीतरी जुळवून आणण्यापेक्षा, विद्यार्थ्याला एक प्रसिद्ध झालेला प्रयोग द्या, तो काटेकोरपणे पुन्हा करायला लावा, आणि उत्तर ‘नाही’ आले तरी पूर्ण गुण द्या. त्याची नोंदवही विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवा. विभागप्रमुखांनो, पुढच्या सत्राचे विषय ठरवताना निदान एक विषय असा ठेवाच.