धुळीचं कर्जप्रकरण

मी बँकेत कारकून आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी जे काही बोलणार आहे त्याला पोळलेल्या माणसाचा अनुभव यापलीकडे दुसरं तारण नाही. बी. कॉम. झालो, परीक्षा दिली, चिकटलो, आणि गेली वीसेक वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासतो आहे. समोरचा माणूस हप्ते फेडील की बुडवील हे त्याच्या कपड्यांच्या इस्त्रीवरून ठरवायचं नसतं, त्याच्या मागं उभं कोण आहे यावरून ठरवायचं असतं, एवढं एकच ज्ञान या नोकरीनं मला दिलं. आणि व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलो त्या दिवशी नेमकं तेवढंच ज्ञान मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये विसरून गेलो.

आमच्या हिला दमा आहे. एरवी तो भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूसारखा गप्प असतो. पण उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, रस्त्यावरची धूळ खिडकीतून आत यायला लागली आणि सकाळी मावशींनी केरसुणी हातात घेतली की तो जागा होतो. मावशी खोली झाडतात, ही तोंडाला पदर लावून गॅलरीत उभी राहते, धूळ खाली बसली की आत येते. हा कार्यक्रम मी कित्येक वर्षं पेपर वाचता वाचता पाहिला आहे. एकदा मात्र रात्री दोन वाजता तिला उठवून बसवावं लागलं. पंप ओढूनही श्वास लागेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरात कोरडं झाडणं बंद करा. ओल्या फडक्यानं पुसा." मी याचा अर्थ 'यंत्र घ्या' असा केला. नवऱ्यांना डॉक्टरांचं बोलणं असंच ऐकू येतं. फडक्याला वाकावं लागतं आणि यंत्राला फक्त पैसे लागतात.

आता हे यंत्र मुळात कुणासाठी जन्माला आलं ते बघा. १९०१ साली लंडनमधल्या ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं धूळ ओढणारं यंत्र केलं. ते घोडागाडीवरून यायचं, घराबाहेर रस्त्यात उभं राहायचं आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडकीतून आत सोडायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानं साफ केले. गालिचे! आमच्या कोल्हापुरात घरोघर खाली शहाबादी नाहीतर मोझॅकची फरशी, आणि गालिच्याच्या नावानं बारशाला काढायची सतरंजी. म्हणजे राजाच्या गालिच्याचा हा इलाज आमच्या फरशीला लावायचा. खरं तर आपल्याकडे याचा उपयोग गाद्या, सोफे, पडदे आणि खिडकीच्या जाळ्या यांच्यापुरता. फरशीला ओलं फडकं पुरतं. पण दुकानात कुणी गादीवर फिरवून दाखवत नाही, चकचकीत फरशीवर मूठभर मैदा टाकतात आणि तो ओढून दाखवतात. मैदा तर माझा भाचासुद्धा फुंकणीनं ओढील.

या प्रात्यक्षिकाचं आमच्या घराण्याशी जुनं वैर आहे. १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी निघाली आणि दारात येऊन, यंत्र चालवून दाखवून विकायची पद्धत आपल्या मध्यमवर्गाच्या चांगलीच ओळखीची झाली. पुढं ती बऱ्याच जणांनी उचलली. मी शाळेत असताना असाच एक टाय लावलेला तरुण ऐन मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आला होता. कुठल्या कंपनीचा ते आता आठवत नाही, टाय मात्र आठवतो. त्यानं नळीच्या तोंडाला पांढरंशुभ्र फडकं लावलं, आमच्या गादीवरून फिरवलं आणि फडक्यावर उमटलेलं काळं वर्तुळ आईच्या पुढं धरलं. आई त्या वर्तुळाकडे अशी बघत राहिली, जणू पंचनामाच चालला आहे. यंत्र काही घेतलं नाही, त्याला सरबत दिलं आणि वाटेला लावलं. पण तो गेल्यावर तिनं घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर नेल्या आणि दोन दिवस काठीनं बडवल्या. तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसली.

माझं म्हणणं एवढंच, की त्या फडक्यानं धूळ आहे हे सिद्ध केलं. यंत्र चांगलं आहे हे कुठं सिद्ध झालं? जगातल्या कुठल्याही गादीवर कुठलंही यंत्र फिरवा, फडकं काळंच होणार. माणसाच्या अंगाची झडलेली कातडी गादीत साचते, तिच्यावर डोळ्यांना सहसा न दिसणारे किडे जगतात, आणि हे राजाच्या गादीतही होतं. पण घरच्या बाईला लाज वाटली की तिचा नवरा खिशात हात घालतो. तीसेक वर्षं झाली, टाय गेला, दारावरचा तरुण मोबाइलमध्ये शिरला, पण विक्री अजून लाजेवरच चालते.

मी दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्या पोरानं पहिला आकडा टाकला तो वॅटचा. "काका, हे बाराशे वॅट, हे सोळाशे, हे दोन हजार. ताकद बघा!" मी कॉमर्सचा माणूस, मोठा आकडा दिसला की मला बरं वाटतं. मी मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आलं, की वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचा आकडा. सोळाशे वॅटचं यंत्र तासाला १.६ युनिट वीज खाणार, त्या बदल्यात ते किती ओढणार याबद्दल वॅट एक अक्षर बोलत नाही. कर्ज मागायला आलेला माणूस "साहेब, माझा महिन्याचा खर्च पन्नास हजार आहे" असं छाती पुढं काढून सांगायला लागला, तर आपण त्याचं कर्ज मंजूर करू का? खर्चाचा आकडा हा उत्पन्नाचा दाखला नव्हे. युरोपात तर या आकड्याला कायद्यानंच लगाम घातला. सप्टेंबर २०१४ पासून तिथं सोळाशे वॅटच्या वरची घरगुती यंत्रं नवीन बाजारात आणायला बंदी झाली, आणि सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा नऊशेवर आली. तिथली घरं त्यामुळे काही उकिरडे झाली नाहीत. आमच्या दुकानात मात्र दोन हजार वॅट अजून मिशीला पीळ देऊन उभे.

दुसरा शब्द 'हेपा'. खरा हेपा गाळणीचा पडदा ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण अडवतो, असं त्याचं अमेरिकी प्रमाण आहे. दम्याच्या घरात कामाची गोष्ट हीच. मी घेतलेल्या खोक्यावर 'हेपासारखा फिल्टर' असं छापलेलं होतं. हेपासारखा! चेकवर 'सहीसारखी सही' चालते का हो? मी रोज सह्या पडताळतो, अक्षराचा एक फाटा वाकडा गेला तर चेक परत करतो. आणि इथं मी 'सारखा' हा शब्द गिळला आणि पैसे भरून पावती घेतली.

पहिले चार महिने संसार सुखाचा झाला. दसऱ्याला ही त्या यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूलही ठेवून आली. मग एक दिवस यंत्र नुसतं ओरडायला लागलं, ओढेना. कागदी पिशवी भरली होती. दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "काका, ते मॉडेल बंद झालं." मी म्हणालो, "अरे, चार महिन्यांत?" तो म्हणाला, "मशीन मिळतंय की नवीन. पिशवी न्हाई मिळत." कंपनीला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, मग सनई. शेवटी एका मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, की वॉरंटी दोन वर्षांची आहे, पण तीत पिशवी, फिल्टर, पट्टा आणि ब्रश येत नाहीत. म्हणजे जामीनदार आहे, फक्त मुद्दल, व्याज आणि हप्ता यांना तो बांधील नाही.

आता कोल्हापूरच्या माणसाला पिशवी मिळत नाही म्हणून तो यंत्र टाकून देईल, हे शक्य नाही. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथल्या कारागिरांनी आख्खी इंजिनं घडवली, तिथं एका पिशवीची काय कथा? गल्लीतल्या शिंप्याकडे जुनी पिशवी नेली. तो हसला. "सोडा वं. मांजरपाटाच्या दोन शिवून देतो." अर्ध्या तासात दिल्या. मी दोन दिवस बँकेत सगळ्यांना ती हकीकत सांगत होतो. एकानं टाळी दिली, एक म्हणाला, "नाद खुळा!"

तिसऱ्या दिवशी सकाळी ही झोपायच्या खोलीत यंत्र फिरवत होती आणि मी दारात उभा होतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उन्हात मला दिसलं, की पुढून धूळ आत जाते आहे आणि मागून, यंत्राच्या ढुंगणातून, त्याच धुळीचा बारीक धूर बाहेर येतो आहे. आणि त्या धुरात माझी बायको उभी. मांजरपाटाच्या विणीतून केस अडतात, कचरा अडतो, बारीक धूळ अडत नाही. केरसुणीनं निदान ती जमिनीलगत उडवली असती, मी ती पैसे देऊन थेट तिच्या नाकाच्या उंचीवर पोचवली होती. त्या रात्री पुन्हा पंप, पुन्हा दोन वाजता उठून बसणं. ती मला काही बोलली नाही. बोलायला श्वास हवा असतो.

गंमत म्हणावी की काय, पण हातात धरून फिरवायचं यंत्र ज्यानं पहिल्यांदा चालतं करून दाखवलं त्यांत एक दम्याचाच माणूस होता. ओहायोतल्या कँटन गावचा जेम्स मरे स्पँग्लर. दुकानात झाडलोट करायचा, धुळीनं खोकून बेजार व्हायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्यानं यंत्र केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढं ते हूव्हरच्या घरात गेलं. म्हणजे अभ्र्याच्या पिशवीपासून या यंत्राची सुरुवात झाली आणि शंभराहून अधिक वर्षांनी मी कोल्हापुरात पुन्हा अभ्र्यापाशीच आलो होतो.

यंत्र घेऊन उद्यमनगरातल्या एका मोटर भरणाऱ्याकडे गेलो. शेतातल्या पंपांच्या मोटरींच्या राशीत बसलेल्या त्या माणसानं ते उघडलं, वास घेतला. "मोटर झकास हाय, साहेब. पर हिच्या नाकातोंडात माती गेल्या. वडलेल्या हवेवरच ही मोटर गार होत असतीया. अशीच वापरलासा तर जळंल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला बी दमा झालाय म्हणा की." आणि वर म्हणाला, "मोटर मी भरून दीन. पिशवी मी कुठनं आणू?"

दोन हजार वॅट, तारे, पाइपांचे सात प्रकार, या सगळ्याला मला आता हाच एक प्रश्न विचारायचा आहे. यंत्राची भरवशाची बाजू त्याच्या मोटरीत नसते, ती दुकानाच्या मागच्या फळीवर असते. पिशव्या, फिल्टर, पट्टे, ब्रश. ती फळी रिकामी असेल तर समोरचं यंत्र कितीही देखणं असो, प्रकरण नामंजूर. औषधाच्या गोळीवर मुदत छापतात, पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर छापतात. मग या खोक्यावर 'याची पिशवी अमुक सालापर्यंत मिळेल' एवढी ओळ छापायला कंपन्यांच्या पोटात का दुखावं? युरोपात २०२१ पासून फ्रिजचे ठरावीक सुटे भाग सात वर्षं आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे दहा वर्षं पुरवणं कारखानदारांना बंधनकारक केलं आहे. आपल्या केंद्र सरकारनंही २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टलवर कंपन्यांची माहिती असते, पिशवी नसते. नुसता कर्जमाहितीचा फलक लावून कुणाचं कर्ज वसूल झाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आमचा एक सहकारी म्हणतो, "जरा महागातलं घ्यायला पाहिजे होतंस." असेल. पण महागातल्याची पिशवीही महागातलीच असते, आणि न मिळणारी पिशवी दोन्हीकडे सारखीच न मिळणारी. दुसरा म्हणतो, आता आपोआप फिरणारं यंत्र घे. आमच्या घरात चार खोल्या आणि चार उंबरे. ते बिचारं पहिल्या उंबऱ्यापाशीच माहेरवाशिणीसारखं अडून बसेल.

केरसुणीचे भक्त एवढं वाचून खूश झाले असतील. त्यांनी व्हायचं कारण नाही. केरसुणी ही लक्ष्मी, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहायचं, हे मलाही मान्य आहे. पण तिचं कौतुक करणारे बहुतेक जण त्या वेळी खुर्चीवर बसलेले असतात. वाकणारी वेगळी असते आणि खोकणारीही वेगळी.

परवा पुन्हा एका दुकानात गेलो. म्हणालो, "आधी पाच पिशव्या काढा. मग मशीन बघतो." पोरगा गोंधळला. म्हणाला, "काका, पिशव्या मागवायला लागतील." मी म्हणालो, "मग मशीनपण तेव्हाच मागवा." तो अजून फोन करायचा आहे.

तोवर झोपायची खोली माझ्याकडे. गाद्यांना रविवारी ऊन, चादरी गरम पाण्यातून, आणि रोज सकाळी सहा वाजता ओलं फडकं. डॉक्टर पहिल्या दिवशी जे बोलले होते तेच. काल मावशी लवकर आल्या आणि दारात थांबून माझी पुसणी बघत राहिल्या. मी अर्धी खोली पुसून भिंतीपाशी पोचलो होतो आणि आता दारापर्यंत परत कसं यायचं या विचारात होतो.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "मागं मागं सरकत पुसायचं असतंय. न्हाईतर आपलंच पाय उमटत्यात."