तीस युनिटांचं बिल

मारेगावात वीज जात नाही, लाइन जाते. संध्याकाळी घर अंधारलं की माणूस आधी दारात येऊन शेजाऱ्याला विचारतो, ‘तुमची बी गेली का?’ सगळ्यांचीच गेली असेल तर भानगड डीपीची, एकट्याची गेली असेल तर स्वतःच्या फ्यूजची. लाइनमनला फोन करायचा की शिडी आणायची, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

दिवाळीच्या तोंडावर विजेच्या काटकसरीचे सल्ले दरवर्षी छापून येतात. रोषणाई आवरा, माळा कमी लावा. या सल्ल्यांचा हिशोब क्वचितच कोणी मांडतं. एलईडीची एक माळ साधारण दहा वॅट खाते. रोज सहा तास, पाच दिवस लावली तर 300 वॅट-तास, म्हणजे पाव युनिटाहून जरा जास्त. ओसरीला एक, तुळशीपाशी एक आणि फाटकाला एक अशा तीन माळा लावल्या तरी सगळी दिवाळी एका युनिटात आटोपते. दिवाळीला उगाच बदनाम केलं जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव पट्ट्यात बिलाचा खरा सण मे महिन्यात असतो.

पारा 45 च्या पुढे सरकतो, तेव्हा टिनाच्या छपराखाली पंखा नुसती गरम हवा फिरवतो. मग कूलर बाहेर निघतो, त्याच्या ताट्या बदलल्या जातात, बादल्यांनी पाणी ओतलं जातं. कूलर 200 वॅटचा धरला आणि दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला 72 युनिटं होतात. जुन्या पद्धतीचा 75 वॅटचा पंखा पंधरा तास फिरला तर साधारण 34, आणि असे दोन पंखे धरले तर 68. बेरीज 140. यात टीव्ही नाही, फ्रिज नाही, पाण्याची मोटरही नाही. घरगुती दरपत्रकात शंभराव्या युनिटानंतर जो मोठा उंबरठा आहे, तो मारेगावचं साधं घर चैन म्हणून नव्हे, तर रात्री डोळा लागावा म्हणून ओलांडतं.

हा उंबरठा केवढा, ते आकड्यांतच पाहिलेलं बरं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च 2023 मध्ये ठरवलेल्या दरांनुसार 2024-25 मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांसाठी वीज आकार आणि वहन आकार मिळून युनिटला 5 रुपये 88 पैसे पडत होते. 101 ते 300 या टप्प्यात तोच दर 11 रुपये 46 पैसे होता, म्हणजे जवळपास दुप्पट. त्याखेरीज सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार 128 रुपये आणि या सगळ्यावर राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाची वरखाली बाजूला ठेवली, तर शंभर युनिटांचं बिल सुमारे 831 रुपये येत होतं आणि दोनशे युनिटांचं 2160. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त. जो अधिक जाळतो त्याने अधिक द्यावं, असं या रचनेचं समर्थन केलं जातं आणि ते पटण्यासारखंही आहे.

पण हीच पट्टी उलट्या टोकाला लावून पाहावी.

मारेगाव तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. पोडावरच्या घरात दोन बल्ब, एक पंखा, एखादा मोबाइल चार्जर. असं घर महिन्याला तीसेक युनिटं वापरतं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी स्वस्त दराचा वेगळा गट आहे, हे खरं. पण त्यात टिकायचं तर वर्षभराचा वापर 360 युनिटांच्या आत राहायला हवा. महिन्याला 25 युनिटं वापरणाऱ्या घराने दोन महिने कूलर लावला, तर वर्षाचा आकडा 444 वर जातो. म्हणजे एका उन्हाळ्याची झोप त्या घराला गटाबाहेर काढू शकते. शिवाय ज्यांचं नाव मुळात यादीतच नाही अशी घरंही प्रत्येक गावात असतात. त्याच दरांनी अशा घराचं तीस युनिटांचं बिल येत होतं 353 रुपये. त्याला तीसने भागलं की युनिटला 11 रुपये 77 पैसे. शंभर युनिटं वापरणाऱ्याला तेच युनिट 8 रुपये 31 पैशांना पडत होतं. आणि तीनशे युनिटं वापरणाऱ्या, बहुधा फ्रिज, मोटर आणि दोन कूलर असलेल्या घराला? 11 रुपये 63 पैशांना.

सर्वांत कमी वीज वापरणारं घर तीनशे युनिटवाल्यापेक्षाही महाग वीज विकत घेतं. हे गणित करायला साधा मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो, तरी दरवाढीच्या चर्चेत ते फारसं कानावर येत नाही. चर्चा होते ती सरासरी दराची आणि टक्केवारीची.

स्थिर आकाराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. खांब, तारा, रोहित्र आणि लाइनमनचा पगार यांचा खर्च घरात पंखा फिरला नाही तरी होतोच. पोडापर्यंत नेलेली लांब तार शहरातल्या तारेपेक्षा दर घरामागे महाग पडते. पण राज्याने दुसऱ्या एका बाबतीत सगळ्यांना एका मापाने मोजायचं ठरवलंच आहे. वहन आकार युनिटला 1 रुपया 17 पैसे होता आणि तो चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रापासून पाऊणशे किलोमीटरवरच्या मारेगावला जेवढा, तेवढाच शेकडो किलोमीटर दूरच्या सिंधुदुर्गातल्या घराला. अंतराचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा असेल, तर पोडावरच्या तारेचा खर्चही सर्वांनी वाटून घ्यायला हरकत नसावी. आणि वाटणीच काढायची, तर धुराची आणि राखेचीही काढावी लागेल.

मारेगावाहून वणी वीसेक किलोमीटर. वणीच्या अवतीभवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी: उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, निलजई, मुंगोली. यवतमाळ जिल्ह्याला 1905 पर्यंत वणीच्या नावावरून ‘वून’ जिल्हा म्हणत, आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची पाहणी भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. वणीच्या पुढे नदी ओलांडली की चंद्रपूर. तिथलं महाऔष्णिक केंद्र 1983 पासून वीज देतं. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा आणि पारस जमेस धरले, तर महानिर्मितीच्या एकूण औष्णिक क्षमतेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या विदर्भात भरते. लोकसभेला वणी, मारेगाव आणि झरी जामणी हे तिन्ही तालुके चंद्रपूर मतदारसंघातच मत देतात. कोळसा, वीज आणि खासदार, तिन्ही एकाच पट्ट्यातले.

एक युनिट वीज कोळशावर काढायला आपल्याकडचा पाऊण किलोपेक्षा थोडा कमी कोळसा लागतो. हा कोळसा भारी राखेचा, त्यातली 30 ते 40 टक्के राखच उरते. शंभर युनिटं केवळ कोळशावर काढली, तर साठ-सत्तर किलो कोळसा जळतो आणि वीसेक किलो राख मागे राहते. कार्बन डायऑक्साइडचं माप थोडं वेगळं. देशाच्या ग्रिडमध्ये जलविद्युत, अणुवीज, वारा, सूर्य असं सगळं मिसळलेलं असल्यामुळे सरासरीने एका युनिटामागे 700 ग्रॅमच्या थोडं वर तो हवेत जातो. पोडावरच्या तीस युनिटांचा वाटा महिन्याला एकवीस किलोंच्या घरात, तीनशे युनिटवाल्याचा त्याच्या दहापट. युनिटचा भाव मात्र आपण वर पाहिलाच.

कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, राख आणि धूळ मात्र गाव सोडत नाहीत. वणीच्या रस्त्यांवरून कोळशाचे ट्रक जातात आणि कडेच्या पराटीवर काळी पुटं चढतात. काळवंडलेल्या बोंडांचा कापूस बाजारात पडत्या भावाने जातो, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा मांडायची रीत अजून टिकून आहे. पूजेच्या पांढऱ्या दह्याशेजारी करड्या पडलेल्या बोंडांचा रंग खाणीजवळच्या शेतात लपत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक परिसरांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथं आलं. नंबर येण्याचा आनंद मानावा अशी ती यादी नव्हती.

गंधकाच्या धुराची गोष्ट तर आणखी लांबलेली. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली. जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून मोकळं केलं गेलं. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचं काय करायचं, ते एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असं झालं. यंत्रणा बसवली की वीज महागते, हा मुद्दा वादात नेहमी पुढे येतो. नाही बसवली तर खर्च वाचतो असं मात्र नाही. तो बिलावरून उतरून दवाखान्याच्या कागदावर चढतो.

या पट्ट्यात त्यावर एक उपाय सतत मागितला जातो, फुकट वीज. 2019 मध्ये चंद्रपुरातून अपक्ष निवडून आलेले आमदार किशोर जोरगेवार यांनी 200 युनिटं मोफत देण्याची मागणी लावून धरली. जिथे वीज तयार होते आणि धूर गिळावा लागतो, तिथल्या माणसाला काही परत मिळावं, ही भावना रास्त आहे. पण आकडे मांडले की मोफत विजेचाही कल कळतो. 2024-25 च्या दरांनी दोनशे युनिटांपर्यंतचं बिल पूर्ण माफ झालं असतं, तर पोडावरच्या घराचे 353 रुपये वाचले असते आणि दोनशे युनिटवाल्याचे 2160. ज्याच्या घरी जास्त वीज, त्यालाच जास्त माफी. त्याऐवजी पहिल्या पन्नास युनिटांपर्यंत स्थिर आकार घेऊच नये आणि त्यावरचं शुल्कही माफ करावं, ही मागणी कमी टाळ्यांची असली तरी अधिक न्यायाची ठरेल.

दुसरा उपाय सूर्याचा. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिटं देतं. वणीत स्लॅबचं घर असलेल्याला हे छान जमतं. मातीच्या भिंतीवर कवेलू घातलेल्या घराला ना तशी छपराची ताकद, ना सुरुवातीचे पैसे. आणि बसवलंच, तरी स्थिर आकार चुकत नाही. शेतीपंपांची बाजू त्या मानाने सुधारली आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून बिल नाही, आणि सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा पाणी देण्याची आशा दिसते. रात्री दोन वाजता थ्री फेज आली म्हणून विंचूकाट्यात मोटर सुरू करायला गेलेल्या माणसाला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

25 जून 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी वीजदर पहिल्या वर्षी दहा टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के उतरणार असल्याचं जाहीर केलं. सौर वीज स्वस्त पडते, हे त्याचं मुख्य कारण. त्यासोबत स्मार्ट मीटरच्या ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलतही आली. सूर्य असतो तेव्हा वीज वापरा, हा विचार चांगलाच आहे. फक्त दिवाळीच्या सुमारास, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात, मारेगाव तालुक्यातली निम्मी घरं कुलपात असतात. घरातली माणसं कापूस वेचत असतात.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो, फार कोणी पाहत नाही असा. इथल्या बिलांवर त्यात मेचा खांब सगळ्यांत उंच, हिवाळ्याचे खांब ठेंगणे. दिवाळीच्या माळा त्या आलेखात शोधूनही सापडत नाहीत.