दारू बेतानं भरा

मंडळी, बोईसरात बसून बंदुकीवर लिहितोय म्हणून हसू नका. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने ‘.२२० स्विफ्ट’ हे काडतूस आणलं. लहान उपद्रवी प्राणी टिपण्यासाठीची ही गोळी सेकंदाला ४,००० फुटांहून वेगाने सुटे. पण तप्त वायूंनी नळी आतून लवकर झिजे. म्हणून घरी काडतुसं भरणारे जाणकार दारू थोडी कमी घालतात. वेग किंचित घटतो, नळी टिकते. आमच्या तारापूरच्या १९६९ च्या दोन अणुभट्ट्याही वाफेच्या जनित्रांतल्या गळतीनंतर प्रत्येकी २१० वरून १६० मेगावॅटवर आणल्या. त्यांनी पन्नास वर्षं वीज दिली. मला यात कमीपणा दिसत नाही. नातवंडांना पहाटेपासून क्लासला जुंपणाऱ्यांनो, जरा बेतानं घ्या. बंदुकीची नळी निदान बदलता तरी येते. असो. पटलं नाही तर जरूर लिहा.