मॅग्नेशियमची गोळी आणि सातवा महिना

घरात कुणाला दिवस गेले की सल्ल्यांना नुसता ऊत येतो. हल्ली त्यात एक नवीन: "मॅग्नेशियम कमी असलं की बाळ लवकर येतं, गोळी सुरू कर!" माझ्या भाचीला सातवा लागलाय आणि हे ऐकून ती धास्तावलीये, म्हणून हे लिहितेय.

मॅग्नेशियमने स्नायू सैलावतात, हे खरं. मुदतीआधी कळा आलेल्या काही बायकांच्या रक्तात ते कमी आढळलंय, हेही खरं. पण गरोदरपणात रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे तो आकडा तसाही उतरतो. शिवाय शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असतं. मग त्या एका आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १० चाचण्यांमधल्या ९,०९० बायकांची माहिती एकत्र तपासली. गोळ्यांचा फायदा होतोच असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा काही मिळाला नाही.

माझं म्हणणं एवढंच... बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, पालेभाजी पोटात जाऊ द्या. गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. आणि ३७ आठवड्यांआधी पोट राहून राहून घट्ट होऊ लागलं, कंबर भरून आली, पाणी किंवा रक्त गेलं, तर मावशीला-आत्याला फोन करत बसू नका. तडक दवाखाना गाठा! बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात, पण त्यांचा गुण यायला काही तास लागतात. ते तास गोळीच्या भरवशावर घालवायचे नाहीत, बायांनो.