आधी भिंत, मग शेड कार्ड

शेड कार्ड हातात आलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. आमचंही फिरलं होतं. 'मोतिया की बदामी' या एका मुद्द्यावर मी आणि नवऱ्याने दोन रविवार भांडून काढले. ज्या भिंतीला रंग द्यायचा, तिच्याकडे मात्र दोघांनीही धड पाहिलं नाही.

आम्ही राहतो गिरगावात, सासूबाईंच्या जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांत. सागवानी खांब, मध्ये विटा आणि वर चुन्याचा गिलावा. ऑफिस फोर्टला, म्हणजे लोकलची मारामारी नाही, त्यामुळे आम्ही खूश. भिंतींवर केसासारख्या बारीक चिरांची जाळी होती, पण कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, पुट्टी मारली की सगळं गायब!" दिवाळीला चार दिवस उरले होते. पुट्टी मारली, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात आणि खोली एकदम हॉटेलच्या रूमसारखी चकाचक. ऑफिसची गँग जेवायला आली तेव्हा मी काय भाव खाल्ला म्हणून सांगू!

पुढच्या जुलैत भिंतीला भाजलेल्या पापडासारखे फुगे आले. ते फुटले आणि पोपडे पडायला लागले. इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका संध्याकाळी घरी आले तर चौदा महिन्यांचं आमचं पिल्लू कोपऱ्यात बसून काहीतरी चघळत होतं. तोंडात बोट घालून काढलं तर रंगाचा पोपडा. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने हिरवा.

हिरवा म्हणजे सासऱ्यांच्या काळातला ऑइल पेंट. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला तोच मुळी नोव्हेंबर २०१७ मध्ये. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत मी ऑफिसात नेमकं काय काम केलं, ते मला आजही आठवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या ओळखीच्या पेंटरकाकांना बोलावलं.

काका आले, पण ब्रश न घेता. बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत खोलीभर फिरले. जिथे 'ठक्क' वाजलं तिथे गिलावा घट्ट, जिथे 'भद्द' तिथे आतून सुटलेला. पोपडा निघालेल्या जागी तळहात घासून मला दाखवला, तो पांढराफट्ट. "वहिनी, आधीचा चुना खरवडलाच नाही त्यांनी. पुट्टी चुन्याच्या भुकटीवर बसली, भिंतीवर नाही. धरणार कशी?" शिवाय चुन्याची भिंत पावसात दमटपणा पिते आणि कोरड्या हवेत सोडते. वर प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही, मग ती रंगालाच ढकलते.

मी म्हटलं, "काका, मग सोमवारपासून सुरू करू या?" काका म्हणाले, "नोव्हेंबरात."

ऑगस्ट चालू होता! पण काका ऐकेनात. त्यांनी प्रत्येक मोठ्या चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि चहा पिऊन गेले. सुटलेले पोपडे तेवढे आम्ही ओल्या फडक्याने काढून घेतले आणि तो कोपरा कपाट सरकवून बंद केला. ऑक्टोबर हीट संपल्यावर काका परत आले. जाळीसारख्या बारीक चिरा होत्या तिथेच होत्या. त्या गिलाव्याच्या, वरवरच्या. खांबाशेजारची उभी चीर मात्र रुंदावली होती. लाकूड पावसात फुगतं, कोरड्यात आकसतं. ती चीर कितीही भरा, दरवर्षी उघडणारच. (तुमच्याकडे चीर तिरकी असेल, पायऱ्यांसारखी विटांच्या सांध्यांतून जात असेल किंवा रेघेच्या पुढे सरकत असेल, तर पेंटर नको, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळालाही कळवा.)

पिल्लाची रवानगी आठ दिवस डोंबिवलीला मावशीकडे. इकडे पुट्टी, पेंट आणि भुसभुशीत चुना पाणी मारून, ओला करूनच खरवडला. ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, शिशाची धूळ घरभर उडते. तोंडाला चांगला मास्क, रोज ओल्या फडक्याने फरशी पुसायची, झाडू बंद. खालचा हिरवा पट्टा जिथे घट्ट होता तिथे काकांनी तो काढलाच नाही. वॉटर पेपरने ओला घासून फक्त चमक मारली, त्यावर अस्तर आणि इमल्शनचे दोन हात. बंद आहे तोवर तो निरुपद्रवी.

मग चिरा. पत्र्याच्या टोकाने चीर थोडी रुंद करायची, आतली धूळ ब्रशने झाडायची, पाणी शिंपडायचं आणि मग चुना आणि संगमरवराच्या बारीक भुकटीचा लगदा भरायचा. एकदम ठासून नाही, दोन पातळ थरांत. खांबाशेजारची चीर भरलीच नाही, वर लाकडी पट्टी ठोकली. खिळे फक्त खांबात, भिंतीत एकही नाही, म्हणजे दोघांनी आपापलं हलावं. सिमेंट गिलाव्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घाबरू नये. भिंत कोरडी असेल तर तुम्हाला ॲक्रिलिक पुट्टी, अस्तर, इमल्शन चालतं. फक्त बीम आणि भिंतीच्या सांध्यात कडक पुट्टीऐवजी रंग धरणारा ॲक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

वरच्या भिंतीला भिजवलेल्या कळीच्या चुन्याचे तीन पातळ हात दिले, त्यात डिंक आणि चिमूटभर पिवडी. प्रत्येक हातामध्ये एक दिवस. ओला असताना रंग मळकट दिसतो आणि वाळला की उजळतो. पहिल्या रात्री मी रडायचीच बाकी होते.

तोटा? आहे ना! काळा शर्ट घालून भिंतीला टेकलात तर खांदा पांढरा होतो. नवऱ्याचे दोन शर्ट झाले. पण त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, एकही फुगा नाही. कोपऱ्यात कुठे ओल दिसली तर काका चुन्याचा एक हात मारून जातात, अर्ध्या तासाचं काम.

पेन्सिलीची एक तारीख काकांनी मुद्दाम ठेवली आहे, दाराच्या वर. आणि खांबाजवळची ती लाकडी पट्टी अजून रंगवायची आहे. काल रात्री नवऱ्याने कपाटातून शेड कार्ड काढलं. तो अजूनही मोतियावरच अडून आहे.