रक्तगटाचा कागद जपून ठेवा

आमच्या वस्तीतील एका भगिनीचे दुसरे मूल जन्मल्या दिवशीच पिवळे पडले. "कावीळ सगळ्याच मुलांना होते, कोवळ्या उन्हात धरा," असे घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी मूल दूध ओढेना, तेव्हा धावाधाव झाली. मूल वाचले, पण त्याला ऐकू येत नाही. बोल मात्र आईला लागला. आम्ही कारकून माणसे, आधी कागद पाहतो. पहिल्या बाळंतपणाच्या कागदावर 'बी निगेटिव्ह' असे स्पष्ट लिहिले होते. तो कोणी वाचलाच नव्हता.

आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर मूल पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणात मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजून प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. पुढच्या पॉझिटिव्ह मुलाच्या तांबड्या पेशी मात्र ही द्रव्ये नष्ट करतात. मुलाचे रक्त कमी होते, कावीळ चढते. ती मेंदूपर्यंत पोचली तर बहिरेपण, अपंगत्व, प्रसंगी मृत्यू. यात आईचा दोष कोणता?

यावर १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन वापरात आहे. कूम्ब्स तपासणीत प्रतिद्रव्ये नसल्यास ते २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि मूल पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की इंजेक्शनाचा उपयोग नाही. मग गरोदरपणी मोठ्या रुग्णालयाची देखरेख हवी.

ओ गटाच्या आईच्या ए किंवा बी गटाच्या मुलालाही, अगदी पहिल्या खेपेसही, अशी कावीळ होऊ शकते. ती बहुधा सौम्य असते, पण तिला इंजेक्शन नाही. म्हणून लक्ष ठेवणे हाच उपाय.

पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ साधी समजू नये. तळहात-तळपाय पिवळे पडले, मूल सुस्त झाले, दूध सोडले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तेथे डोळे झाकून मुलाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. कावीळ फारच वाढली तर रक्त बदलतात. घरचे ऊन हा त्याला पर्याय नव्हे. घरी आल्यावरही काही आठवडे मूल फिकट पडत नाही ना, हे तपासून घ्यावे.

बंधूंनो, सुनेला बोल लावण्यापूर्वी तिचा रक्तगटाचा कागद वाचा. आणि भगिनींनो, तो कागद रेशनकार्डाइतकाच जपा.